पाच टक्के घरं, शंभर टक्के उंबरे

गेल्या पावसाळ्यानंतर तळोदा तालुक्यातल्या एका पुनर्वसन वसाहतीत बचत गटाच्या बैठकीला गेले होते. पंधरा-सोळा बायका एका ओट्यावर दाटीवाटीने बसल्या होत्या. विषय होता घरकुलांचे रखडलेले हप्ते. रस्त्यापलीकडच्या घराच्या दारात चाळिशीची एक बाई बसली होती आणि तिथूनच ओरडून आपलं म्हणणं मांडत होती. अर्धं आम्हाला ऐकू येत होतं, अर्धं येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारसायकलींच्या आवाजात बुडत होतं. "ती इकडे का येत नाही?" मी विचारलं. शेजारची म्हणाली, "ताई, तिच्या पायात ताकद नाही ना. लहानपणी पोलिओ झाला. उतरवायला माणूस लागतो, आणि तिचा भाऊ मजुरीला गेलाय."

बैठक संपल्यावर मी तिच्याकडे गेले. तीन पायऱ्या चढून. ती म्हणाली, "घर माझ्या नावावर आहे, ताई. भिंतीवरची पाटी वाचा. पण या घरातून खाली उतरणं माझ्या हातात नाही. कुडाचं घर होतं तेव्हा मी हातांवर सरकत अंगणात जायचे, शेजारी जायचे, बायकांत बसून भाजी निवडायचे. पक्कं घर झालं आणि मी घरात बसले."

मैत्रिणींनो, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. घर बाईच्या नावावर व्हावं म्हणून आपण किती वर्षं भांडलो! १९९४ च्या महाराष्ट्राच्या पहिल्या महिला धोरणाच्या आधीपासून ही मागणी आपल्या मोर्च्यांत होती. आज प्रधानमंत्री आवास योजनेचं ग्रामीण घरकुल बाईच्या नावावर किंवा नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर मंजूर होतं. ही चळवळीची कमाई आहे आणि ती कोणी भीक म्हणून दिलेली नाही. पण नाव कुणाचं यासाठी भांडताना आपण उंबरा किती उंच हे विचारलंच नाही. ज्या घरातून बाईला स्वतःच्या बळावर बाहेर पडता येत नाही, त्या घराची ती मालकीण की कैदी?

मोजणीत आलं काय आणि सुटलं काय

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. त्याच्या आधीपासून या भागात एक मोठी उलथापालथ सुरू होती. सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावं येणार होती, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, सगळी आदिवासींची. मणिबेली त्यातलं पहिलं. नर्मदेच्या काठावर डोंगरउतारांवर विखुरलेले पाडे, प्रत्येक घर आपापल्या शेतात. तिथून उठवून माणसं तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर आणली गेली. सोमावल, रोझवा, रेवानगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदाच ही कुटुंबं ओळीने आखलेल्या प्लॉटांवर, भिंतीला भिंत नसली तरी अंगणाला अंगण लावून राहू लागली.

या वसाहतींचा आराखडा कसा असावा हे नर्मदा जलतंटा लवादाने १९७९ च्या निवाड्यात लिहून ठेवलं होतं. तो कागद आपल्यापैकी प्रत्येकीने एकदा वाचायला हवा. प्रत्येक कुटुंबाला ६० फूट बाय ९० फूट घराची जागा. १०० कुटुंबांमागे एक प्राथमिक शाळा. ५०० कुटुंबांमागे पंचायतघर, दवाखाना, बियाण्याचं कोठार, मुलांची बाग, तलाव. ५० कुटुंबांमागे पिण्याच्या पाण्याची एक विहीर आणि तिच्याजवळ गुरांसाठी हौद. ५० कुटुंबांमागे झाडाभोवती एक पार.

गुरांसाठी हौद मोजला. पार मोजला. या सोयी मिळाव्यात म्हणून लोकांना पुढे वर्षानुवर्षं झगडावं लागलं, ती वेगळी कथा आहे आणि ती आपल्याला ठाऊक आहे. पण इथे मला दुसरंच विचारायचं आहे. विहिरीपर्यंत काठी टेकत जाणारी म्हातारी, पारावर येऊ पाहणारी आंधळी मुलगी, दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी अडलेली आठ महिन्यांची गरोदर बाई, या त्या यादीत कुठे होत्या? कुठेच नव्हत्या. कुटुंबाची व्याख्या करताना प्रत्येक सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरला गेला, मुलगी नाही. म्हणजे एकाच घरात पोलिओ झालेला भाऊ हे एक 'कुटुंब' आणि पोलिओ झालेली बहीण 'आश्रित'. महाराष्ट्राने पुढे सज्ञान अविवाहित मुलींना यादीत घेतलं. पण ते वेगळं लिहावं लागलं, यातच आराखडा काढणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोण होतं ते कळतं. त्यांच्यासमोर होता धडधाकट, कमावता, दोन पायांवर चालणारा पुरुष. बाकी सगळ्यांनी त्याच्या मापाच्या पायऱ्या चढायच्या!

१९७९ मध्ये एवढा विचार कोण करत होतं, असं कोणी म्हणेल. ठीक आहे. पण त्याला साडेचार दशकं उलटली. मधल्या काळात अपंगांसाठी १९९५ चा कायदा आला, मग २०१६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला. सरकारने शब्दसुद्धा बदलला, 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' झालं. उंबरा मात्र तिथेच राहिला.

कायदा घर देतो, वाट देत नाही

२०१६ च्या कायद्याचं ३७ वं कलम चांगलं आहे. सरकारी घरवाटपात आणि शेतजमीन वाटपात अपंगांसाठी ५ टक्के राखीव आणि त्यात अपंग स्त्रियांना प्राधान्य. याच कायद्यात इमारती, रस्ते, बसस्थानकं अपंगांना वापरता येतील अशी करण्याची कलमंही आहेत. त्यासाठीचे नियम २०१७ मध्ये आले. ते नियम नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, बंधनकारकच हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर बजावलं. चांगलं झालं. त्याच्या जोरावर ग्रामपंचायतीचं कार्यालय, अंगणवाडी, उपकेंद्र यांच्या पायऱ्यांबद्दल आपण जाब विचारू शकतो.

पण घराचं काय? हे सगळं सार्वजनिक जागांबद्दल आहे. घरकुल लाभार्थीचं, ते तिने स्वतः बांधायचं. मग त्याच्या दाराची रुंदी किती, जोतं किती, संडास कुठे, हे कोणी विचारत नाही. म्हणजे कायदा त्या बाईला घर देतो आणि घरात जायची वाट मात्र तिच्या नशिबावर सोडतो.

सरकार काहीच पाहत नाही असंही नाही. घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं असावं लागतं. सपाटीवर १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये ठरले, संडासाचे १२ हजार वेगळे धरले. पैसे हप्त्यांनी येतात. पाया-जोतं झालं की फोटो काढायचा, तो संगणकावर चढवायचा, मग पुढचा हप्ता सुटतो. सरकारी यंत्रणा जोत्याचा फोटो मागते! त्या जोत्यावर चढायचं कसं, याचा फोटो कोणी मागत नाही. त्याच फोटोत उतार दिसला पाहिजे, एवढी एक अट घालायला कोणता नवा कायदा लागतो?

ही 'मोजक्या' बायकांची गोष्ट नाही

पहिला आक्षेप नेहमी हाच येतो. गावात अशा बायका किती? दोन? तीन? त्यांच्यासाठी सगळ्या वसाहतीचा आराखडा बदलायचा का?

नंदुरबारमध्ये राहणाऱ्या कोणी हे विचारावं याचं मला आश्चर्य वाटतं. आपल्या जिल्ह्यातल्या भिल्ल, पावरा, मावची घरांमध्ये सिकलसेल घरोघरी ऐकू येतो. आपण त्याला रक्ताचा आजार म्हणतो आणि गोळ्यांच्या पुड्यांवर थांबतो. पण हा आजार सांध्यांत उतरतो. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, खुबा झिजतो, पंचविशीतल्या मुलीला खाली बसता येत नाही. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, आणि त्यात सिकलसेलही आहे. त्या मुलीला आपण काय देतो? अंगणाच्या टोकाला, दोन-अडीच फुटी दाराचा, बसून वापरायचा संडास. आत धरायला साधी एक नळीसुद्धा नाही. तिला उठता येत नाही म्हणून ती पाणी कमी पिते, जेवण कमी करते. आणि सिकलसेलमध्ये पाणी कमी पडलं की दुखणं उसळतं, हे प्रत्येक आशाताईला माहीत आहे. म्हणजे संडासाच्या चुकीच्या मापामुळे ती मुलगी पुन्हा दवाखान्यात. याला आजार म्हणायचं की बांधकामातली चूक?

मग गरोदर बायका. अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून बाळंतिणीला बांबूला बांधलेल्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. रस्ता हवाच. पण झोळीची वेळ येण्याआधी नऊ महिने ती बाई डोक्यावर हंडा घेऊन ज्या ओल्या, निसरड्या, कठडा नसलेल्या पायऱ्या चढते त्यांची बातमी होत नाही. मग अंग बाहेर येण्याचा त्रास सोसणाऱ्या बायका, ज्या कुणाला सांगत नाहीत. मग मोतीबिंदू झालेल्या सासवा. मग उसाच्या तोडीवर कोयता लागून पाय अधू झालेल्या. मोजा बरं, वसाहतीत उरलं कोण? उरला तोच धडधाकट पुरुष, आणि तोही फार तर साठीपर्यंत!

'उचलून नेऊ की!'

दुसरा आक्षेप जरा प्रेमळ आहे. आमच्यात माणसं माणसांना सोडत नाहीत, हे शहरातले चोचले, आम्ही आमच्या माणसाला उचलून नेतो.

उचलून कोण नेतं, ते पाहा. भाऊ, नवरा, मुलगा दिवाळी झाली की उसाच्या तोडीला गुजरातेत, पश्चिम महाराष्ट्रात जातो. बायकाही जातात. पाड्यावर मागे राहतात म्हाताऱ्या, लहान मुलं आणि ज्यांना जाताच येत नाही त्या. उन्हाळ्यापर्यंत गाव असंच अर्धं रिकामं. तेव्हा अपंग बाईला उचलते कोण? साठीची आई. नाहीतर बारा वर्षांची भाची, जिची शाळा त्यापायी बुडते. घराची एक पायरी चुकली की त्याचं ओझं असं बाईवरून बाईवर उतरत जातं. सरकारचा उताराचा खर्च वाचतो आणि तो त्या आईच्या कमरेतून वसूल होतो. घरकामाचं मोल कुणी धरत नाही म्हणून आपण तीस-चाळीस वर्षं ओरडतो आहोत. हे उचलणं, धुणं, बसवणं, संडासाला नेणं या बिनमोल कामाचा सगळ्यात जड भाग आहे, आणि आपल्या घोषणांत तो कधी आला नाही.

आणि उचलून नेलं तरी त्यात बाईची मर्जी कुठे असते? जिला उतरायला माणूस लागतो, तिने कुठे जायचं, कधी जायचं, कुणाशी बोलायचं हे तो माणूस ठरवतो. घरात मारहाण झाली तर ती पळणार कशी? पोलीस चौकी राहू द्या, शेजारणीच्या दारापर्यंत तरी ती पोचेल का? हिंसेच्या प्रश्नावर काम करणाऱ्या आपण, आपल्या सल्लाकेंद्रात अपंग बाई येत नाही याचा अर्थ तिला मार बसत नाही असा घेतला. तिला तीन पायऱ्या उतरता येत नाहीत, असा घेतला नाही.

माप कोणाला विचारायचं?

तिसरा आक्षेप अभियंत्यांचा. पावसाळ्यात पाणी शिरतं, साप-विंचू येतात, जोतं उंच हवंच. बरोबर आहे. जोतं उंच ठेवा, पायऱ्यांच्या शेजारी उतार बांधा. हिशेब सोपा आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी. दीड फूट जोत्याला अठरा फूट. रुंदी चार फूट. यात भर पडते साधारण ५४ घनफूट, म्हणजे अर्ध्या ब्रासच्या आसपास मुरूम. कडेला दगड, वर कोबा किंवा खडबडीत फरशी, आणि एका बाजूला धरायला नळी. दार तीन फुटी. यात गवंड्याला न जमणारं काय आहे?

जागा नाही म्हणता? पुनर्वसन वसाहतीतला मूळ प्लॉट ६० बाय ९० फुटांचा. त्यावर २६९ फुटांची वीस घरकुलं मावतील! जुन्या गावठाणात जागा अपुरी आहे हे मान्य. तिथेच एकत्र आखणीचा उपयोग आहे. चार शेजारघरांचे ओटे एका पातळीवर जोडले तर चार घरांना मिळून एकच उतार पुरतो. खर्च चौथा हिस्सा, आणि त्या चार घरांतली म्हातारी, बाळंतीण, अपंग मुलगी पायरी न उतरता एकमेकींकडे जाऊ शकते. हे एकट्या लाभार्थीला जमणार नाही. ते वसाहतीने मिळून, बांधकामाआधी ठरवायला हवं. म्हणूनच माझं म्हणणं आहे की हा प्रश्न घराचा नाही, वस्तीचा आहे.

आता आपल्याच उत्साहाबद्दल एक इशारा. शहरातून छापील नकाशा आणून चिकटवू नका. त्या बाईला मी विचारलं, काय हवं? मला वाटलं ती चाकाची खुर्ची म्हणेल. शिबिरात मिळालेली तीनचाकी सायकल तिच्या अंगणात गंजत उभी होती, तिच्यापर्यंत पोचायलाच तीन पायऱ्या आड. ती म्हणाली, "स्वयंपाकाचा ओटा फोडा. चूल खाली पाहिजे, माठ खाली पाहिजे. मी खाली बसून सगळं करते. उंच ओटा झाला आणि माझी भाकरी वहिनीच्या हातात गेली." तिच्याच गल्लीतली गुडघे गेलेली काकू मात्र उंच ओट्यावर खूश आहे, खाली बसून तिला उठवत नाही. दोघी अपंग, दोघींचं माप वेगळं. आंधळ्या बाईला उतारापेक्षा सरळ वाट आणि हाताला लागणारी भिंत महत्त्वाची. बहिरीला दाराकडे तोंड करून काम करता येईल अशी जागा हवी, म्हणजे कोण आलं ते दिसेल. चूल आणि माठ कुठे, हे ज्या बाईला त्या घरात राहायचं तिने सांगावं. उतार, रुंद दार आणि धरायची नळी या तीन गोष्टी मात्र प्रत्येक घराला, न मागता.

प्रत्येक घराला का? कारण ५ टक्के घरांना उतार दिला तर ती बाई आपल्या घरातून उतरेल आणि शेजारच्या पायरीशी अडेल. लग्नाच्या घरी, मयताच्या घरी, बारशाला, बचत गटाच्या बैठकीला ती बाहेर रस्त्यावरच बसेल. माणूस आपल्याच घरात राहत नाही, दहा घरांत राहतो. बाईमाणूस तर जास्तच. राखीव जागा घरांची करता येते, शेजाराची करता येत नाही. घरं पाच टक्के असतील, उंबरे शंभर टक्के बदलले पाहिजेत.

आपलंही दार

सरकारवर तोफ डागून हा लेख संपवणं सोपं होतं. पण आपल्या घरात काय आहे?

आपल्या संघटनांची किती कार्यालयं दुसऱ्या मजल्यावर आहेत? भाडं कमी म्हणून घेतली, समजू शकते. पण मग अपंग कार्यकर्ती आपल्यात का नाही, याची चर्चा आपण कधी केली? परिषदेला आलेल्या एका मैत्रिणीने मला सांगितलं होतं की दोन दिवस ती पाणी प्यायली नाही, कारण संडास जिना उतरून होता. आपण तिथे स्त्रीच्या शरीरावरच्या हक्काबद्दल ठराव करत होतो! एका निवारागृहाने व्हीलचेअरवरच्या बाईला 'आमच्याकडे सोय नाही' म्हणून परत पाठवलं, तेव्हा आपण गप्प राहिलो, कारण सोय खरंच नव्हती. आश्रमशाळांच्या वसतिगृहात, नोकरदार महिलांच्या वसतिगृहात, जिथे बायका-मुली एकत्र राहतात त्या प्रत्येक जागी हाच प्रश्न आहे. अपंग स्त्रीचा प्रश्न 'अपंगांच्या संघटना पाहतील' असं आपण म्हटलं, आणि अपंगांच्या संघटनांत पुरुष पुढे होते. ती बाई दोन्हीकडून सुटली.

मग करायचं काय?

कायद्याची आणि पैशाची दारं आहेत, ती ठोठवायला हवीत.

एक. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करायची आहे. बऱ्याचदा हा निधी वर्षाअखेरीस वस्तू किंवा थोडे पैसे वाटून संपवला जातो. बाई एकटी, पैसे थोडे, फोटो मोठा. त्याऐवजी त्यातून उतार, नळ्या आणि संडासाची दुरुस्ती मागा.

दोन. अक्राणी, अक्कलकुवा, तळोद्यासारख्या अनुसूचित क्षेत्रात पेसा लागू आहे. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतींकडे येतो आणि त्यातली कामं ग्रामसभेने ठरवायची असतात. ओटे जोडायचे की आणखी एक कमान उभारायची, हे गावातल्या बायकांनी ठरवावं. विहीर, हातपंप, नळाचा चबुतरा, अंगणवाडी आणि पार इथपर्यंतची वाट त्यातून करता येते.

तीन. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते. त्या सभेत पहिला ठराव हा घ्या की यापुढे गावातल्या प्रत्येक घरकुलाच्या फोटोत उतार दिसेल. आणि ती सभा जिथे भरते तिथे पायऱ्या असतील तर सभा खाली मैदानात भरवा. ज्या बाईबद्दल ठराव होतो ती सभेत हवी.

चार. प्रधानमंत्री आवास योजनेचा दुसरा टप्पा २०२४-२५ ते २०२८-२९ असा आहे, त्यात देशभरात आणखी २ कोटी घरं बांधायची आहेत. ती घरं आता उभी राहताहेत. चुकीची उभी राहिली तर पुढची तीस वर्षं आपण पायऱ्या फोडत बसू. गवंडी-प्रशिक्षणात उताराचं आणि संडासाचं माप शिकवा, आणि मुलींनाही गवंडी करा, अशी मागणी जिल्हा परिषदेकडे लेखी करा.

पाच. प्रत्येक गटाने आपल्या वस्तीत एक फेरी मारावी. सोबत एक काठी टेकणारी, एक गरोदर, एक न दिसणारी आणि एक सरकत चालणारी बाई हवी. जिथे त्यांची पावलं अडतील तिथे खडूने खूण करा. ती खूण हाच आपला सर्व्हे. त्याला कुठल्या संस्थेचा निधी लागत नाही.

१९७२-७३ च्या दुष्काळात याच भागात, शहाद्याच्या गावांमध्ये, श्रमिक संघटनेतल्या आदिवासी बायका घोळक्याने निघाल्या आणि गावोगाव दारूची मडकी फोडत गेल्या. कुणी परिपत्रक काढलं नव्हतं. घरात रोज जे सोसावं लागतं ते घरातच संपवायचं नाही, वस्तीसमोर आणायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं. पन्नास वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा करायची आहे. फरक एवढाच की या वेळी घोळक्यात सरकत येणारीही असली पाहिजे, आणि घोळक्याचा वेग तिच्या वेगाने ठरला पाहिजे.

तळोद्याच्या त्या वसाहतीत पुढची बैठक त्या बाईच्या ओट्यावर घ्यायची, असं आम्ही ठरवलं. घेतली. पण काकूला त्या तीन पायऱ्या चढवेनात, ती खाली रस्त्यावर उभी राहिली. शेवटी बायका म्हणाल्या, आता घमेली आणा. अठरा फुटांची दोरी धरून आम्ही अंगणात खूण केली. मुरूम अजून यायचा आहे, ग्रामपंचायतीत अर्ज पडून आहे. तो आला नाही तर पुढच्या महिला सभेला त्या बाईला उचलून नेणार नाही. सभाच तिच्या अंगणात नेणार आहोत.